दही खायचं, अंगाला लावायचं नाही: पोटाच्या आणि नाजूक जागेच्या जिवाणूंची निगा

केमिस्टकडून प्रोबायोटिक कॅप्सूलची पट्टी आणण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. रोज दही किंवा ताक पोटात जातं का? आणि आतड्यातल्या जिवाणूंना खायला काही मिळतं का? प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येनं घेतले तर फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. प्रीबायोटिक म्हणजे आपल्याला पचत नाही, पण त्या जिवाणूंना पोसतो असा अन्नातला भाग. जाहिराती पहिल्याच्या असतात. ताटात कमी पडतो तो बहुधा दुसरा.

आधी दही नीट लावा

एक लिटर दूध उकळल्यावर मंद आचेवर आणखी ५ मिनिटं ठेवा, म्हणजे दही घट्ट लागतं. मग ते ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी दुधात बुडवून सावकाश दहापर्यंत मोजा. चटका बसला तर दूध अजून गरम आहे. एक मोठा चमचा ताजं विरजण आधी थोड्या दुधात गुठळी न ठेवता कालवा, मग सगळ्या दुधात ढवळून झाका. त्यानंतर भांडं हलवायचं नाही.

पुण्यात एप्रिलमध्ये ४–५ तासांत दही लागतं. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांवर आला की रात्रभर ठेवूनही सकाळी दूधच हाती येतं. अशा वेळी विरजण वाढवू नका, ऊब वाढवा: भांडं कॅसरोलमध्ये ठेवा किंवा जुन्या शालीत गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवा (ओव्हन सुरू न करता). विरजण जास्त घातलं की दही आंबट होतं आणि पाणी सोडतं. चमच्याला तार सुटत असेल तर दूध फार थंड असताना विरजलंय किंवा विरजणात नको ते जिवाणू शिरलेत, विरजण बदला. गुलाबी, हिरवे किंवा काळे ठिपके दिसले तर वरचा थर काढून खाण्याचा मोह नको, सगळं टाका. पुढचं विरजण दही लागल्या लागल्या, जेवायला बसण्याआधी बाजूला काढा. उष्ट्या चमच्याचं विरजण फार दिवस टिकत नाही.

दिवसाला एक वाटी दही किंवा दोन पेले ताक पुरेसं आहे. कढी केलीत की जिवाणू मेले. चव राहते, प्रथिनं राहतात, प्रोबायोटिक राहत नाही. इडली-ढोकळ्याचंही तेच. आंबवल्यामुळे ते पचायला हलके होतात, पण वाफेतून जिवंत काही बाहेर येत नाही. आणखी एक सांगायला हवं: घरच्या दह्यात नेमके कोणते जिवाणू किती आहेत हे मोजलेलं नसतं, म्हणून शास्त्राच्या काटेकोर अर्थानं त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. तरी रोजच्या जेवणासाठी ते उत्तमच.

मग जिवाणूंचं जेवण

यासाठी मंडईतून काही वेगळं आणावं लागत नाही. कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान ही न पचणारी कर्बोदकं असतात, मटकी-मूग-चवळीत त्याच प्रकारची गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, कच्च्या केळ्यात आणि शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च. म्हणजे उसळ, भाकरी, बुक्की मारून फोडलेला कांदा आणि वर ताक, एवढ्यात दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. सकाळचा फोडणीचा भातही चालतो. फक्त रात्रीचा भात ओट्यावर राहू देऊ नका. शिजल्यापासून तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढतो, आणि त्याचं विष फोडणी देऊनही जात नाही.

इसबगोल बद्धकोष्ठतेला चांगलं, पण जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत. त्यामुळे प्रीबायोटिक म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

बहुतेकांची चूक होते ती घाईत. सोमवारी ठरवलं आणि त्याच दिवशी दोन वाट्या उसळ खाल्ली, की मंगळवारी पोट फुगतं आणि बेत बारगळतो. पहिला आठवडा रोज अर्धी वाटी उसळ, दुसऱ्या आठवड्यात एक वाटी, आणि त्याबरोबर पाणी वाढवा. कडधान्य ८–१० तास भिजवून ते पाणी फेका, मग मोड आणा. गॅस करणारी साखर बरीच कमी होते. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यांचा जुना त्रास) असलेल्या अनेकांना कांदा-लसणानंच त्रास होतो. त्यांनी आहारतज्ज्ञाला विचारूनच पुढे जावं.

नाजूक जागेचं गणित वेगळं

योनीत निरोगी अवस्थेत लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं राज्य असतं. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तिथल्या पेशींत ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साठतं, त्यापासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. या आम्लात बाकीच्यांचं फारसं चालत नाही. पाळीतलं रक्त आणि वीर्य पीएच वाढवतात, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं, अँटिबायोटिक चांगल्यांनाही मारतं. बिघाड होतो तो या वाटांनी.

म्हणून पहिलं काम, काही न घालण्याचं. आत साबण, डूश (आत पाण्याचा फवारा मारून धुणं), सुगंधी वॉश, अत्तर काही नको. योनी स्वतःला साफ ठेवते. बाहेरची जागा साध्या पाण्यानं धुतली की पुरे. आणि दह्यात बुडवलेला कापूस आत ठेवण्याचा घरगुती उपाय सोडा. दह्यातले जिवाणू योनीतले नव्हेत, ते तिथे वस्ती करत नाहीत. योनीत हवा असतो तो लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर (योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडून होणारा त्रास) मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक दिल्यानंतर हाच जिवाणू योनीत सोडला. १२ आठवड्यांत त्रास परतला तो ३० टक्के स्त्रियांना. नुसतं औषधासारखं दिसणारं चूर्ण मिळालेल्या गटात ४५ टक्के. फायदा आहे, पण तो नेमक्या जातीचा आणि औषधानंतरचा.

लक्षणं ओळखा, पण औषध स्वतः ठरवू नका. पातळ, करडा स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसची शक्यता. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि जोराची खाज असेल तर कॅन्डिडा या बुरशीची. दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी आहेत. वर्षातून ३ वा अधिक वेळा कॅन्डिडा झाला तर रक्तातली साखर तपासा. ओटीपोटात दुखणं, ताप, रजोनिवृत्तीनंतर रक्त जाणं किंवा गरोदरपणात कुठलीही तक्रार असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञ.

पावसाळ्यात एक गोष्ट पुण्यात हमखास घडते. दुचाकीवर रेनकोटची पँट तासभर अंगावर, आतले कपडे ओलसर. आणि घरी अंतर्वस्त्रं लाजेपोटी टॉवेलखाली वाळत घातलेली, म्हणजे कधीच न वाळणारी. सुती घ्या, मोकळ्यावर वाळवा, दमट राहिली तर इस्त्री फिरवा. जांघेत गोल, खाजरे चट्टे आले तर ते पुरुषांतही दिसणारं गजकर्ण असू शकतं. त्यावर प्रोबायोटिक कामाचं नाही, आणि केमिस्टनं परस्पर दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर ते आणखी पसरवतं.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर

लेबलवर फक्त 'लॅक्टोबॅसिलस' पुरेसं नाही. पूर्ण नाव आणि वाणाचं चिन्ह हवं, उदाहरणार्थ 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी'. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसचे अनेक वंश पाडले गेले, त्यामुळे हाच जिवाणू 'लॅक्टिकॅसिबॅसिलस' नावानंही दिसेल. संख्या सीएफयूमध्ये (वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची मोजणी) असते. १ बिलियन म्हणजे १०० कोटी. हा आकडा एक्स्पायरीपर्यंतचा आहे की बनवतानाचा ते पाहा, आणि फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर दुकानातही ती फ्रिजमधूनच मिळाली का, हेही.

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी सॅकरोमायसिस बोलार्डी आणि ऱ्हॅम्नोसस जीजी यांना अभ्यासांचा चांगला आधार आहे. जीजी जिवाणू आहे, म्हणून तो आणि अँटिबायोटिक यांत किमान २ तासांचं अंतर ठेवा. बोलार्डी यीस्ट आहे; अँटिबायोटिक त्याला मारत नाही, पण कॅन्डिडासाठी फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालू असेल तर ते मारतं. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, शिरेत सेंट्रल लाइन असलेले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय यातलं काहीही देऊ नका. इतरांनी ४ आठवडे घेऊन पाहावं. फरक जाणवला नाही तर पैसे वाचवावेत.