अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करण्यापूर्वी : कागदपत्रांची आणि कराची तयारी

अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करायचे जवळजवळ ठरले असेल, तर अर्जाची तारीख पक्की करण्याआधी दोन जाणकारांची भेट घ्यावी: दिवाळखोरीची प्रकरणे हाताळणारा वकील आणि कराचे काम करणारा सीपीए (परवानाधारक लेखापाल) किंवा एनरोल्ड एजंट (केंद्रीय परवाना असलेला कर सल्लागार). अनेक कुटुंबे वकिलाकडे वेळेवर जातात, पण कराचा प्रश्न पुढच्या एप्रिलवर, म्हणजे रिटर्न भरायच्या वेळेवर, टाकतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण कोणता जुना कर माफ होईल आणि कोणता कर-परतावा ट्रस्टीकडे (दिवाळखोरीचे प्रकरण सांभाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाईल, हे अर्ज दाखल झाल्याच्या तारखेवर ठरते आणि ती तारीख मागाहून बदलता येत नाही. अर्जासाठी नागरिकत्व लागत नाही. अमेरिकेत वास्तव्य, व्यवसाय किंवा मालमत्ता असली तरी पुरते.

मदत कोणाची घ्यायची हे पारखून ठरवावे. वकील नसलेला ‘पिटिशन प्रिपेअरर’ तुम्ही दिलेली माहिती फॉर्मवर टाइप करू शकतो. चॅप्टर ७ (सूट नसलेली मालमत्ता विकून कर्जमाफी) घ्यावा की चॅप्टर १३ (हप्त्यांच्या योजनेने फेड), कोणती वस्तू विक्रीतून वाचवण्यासाठी सूट मागावी, कर माफ होईल का, यांपैकी एकाही प्रश्नावर सल्ला द्यायची त्याला कायद्याने मनाई आहे. ओळखीतले कुणी ‘स्वस्तात सगळे करून देतो’ म्हणाले, तर हे आधी आठवावे. वकिलाची फी परवडत नसेल तर आपल्या भागातील लीगल एडकडे (कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेकडे) चौकशी करावी, आणि आयआरएसशी (अमेरिकेच्या आयकर खात्याशी) वाद असेल तर कमी उत्पन्नाच्या करदात्यांसाठी असलेल्या एलआयटीसी क्लिनिककडे जावे. न्यायालयाची फी चॅप्टर ७ साठी ३३८ आणि चॅप्टर १३ साठी ३१३ डॉलर असून ती हप्त्यांनी भरण्याची परवानगी मागता येते. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट कौन्सेलिंग घेतल्याचे प्रमाणपत्रही हाताशी असावे.

नेहमीचे कागद गोळा करायला फारसा त्रास पडत नाही: फोटो ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा, ६० दिवसांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स, क्रेडिट रिपोर्ट, आणि शेवटचे फेडरल रिटर्न, जे धनकोंच्या (कर्ज देणाऱ्यांच्या) सभेच्या किमान ७ दिवस आधी ट्रस्टीकडे पोचले पाहिजे. चॅप्टर १३ असेल तर मागच्या ४ वर्षांची रिटर्न भरलेली असावी लागतात. मीन्स टेस्टसाठी (उत्पन्न चॅप्टर ७ मध्ये बसते का, या तपासणीसाठी) अर्जाच्या महिन्याआधीच्या पूर्ण ६ महिन्यांचे उत्पन्न धरतात आणि पुण्यात फ्लॅट असेल तर त्यात त्याचे भाडेही येते. ते भाडे आजवर अमेरिकेतील रिटर्नमध्ये दाखवले नसेल, तर दुरुस्त रिटर्न भरण्याविषयी कर सल्लागाराशी अर्जाआधीच बोलावे, नाहीतर दोन शपथपूर्वक कागदांत दोन वेगळे आकडे राहतात.

मराठी कुटुंबांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा तो भारतातील मालमत्तेला. अर्जाच्या सूचीत जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहावी लागते: एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची बँक खाती, पीपीएफ, एलआयसीच्या पॉलिसी, आईच्या लॉकरमध्ये ठेवलेले आपले दागिने, बिल्डरकडे बुक केलेला फ्लॅट. वडिलांच्या खात्यावर नाव नुसते सोयीसाठी लावलेले असले, तरी ते खाते खुलाशासह दाखवावे. गावच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ काढावा. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून पाच-सहा जणांची नावे सामाईक लागलेली असतात आणि कुणाचे क्षेत्र किती हे बरेचदा लिहिलेले नसते, म्हणून तिथे दिलेल्या क्रमांकांचे फेरफारही मागवावेत. आपले नाव कोणाच्या वारसाने आणि कितव्या हिश्श्याने लागले, हे त्यांवरून कळते. शहरातल्या जागेसाठी प्रॉपर्टी कार्ड आणि इंडेक्स टू घ्यावी. किमतीला रेडी रेकनरचा दर हा एक आधार झाला. त्या भागातील मूल्यांकनकाराचा लेखी अंदाजही सोबत असावा.

मुलींनी इथे विशेष लक्ष द्यावे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि महाराष्ट्राने तशी तरतूद १९९४ मध्येच केली होती. ‘जमीन भावांची’ असे घरात धरून चालले असले, तरी न्यू जर्सीत अर्ज करणाऱ्या बहिणीने तो हिस्सा वकिलासमोर मांडलाच पाहिजे. अर्जाआधीच्या २ वर्षांत भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले असेल तर तेही सांगावे लागते, आणि मोबदला न घेता सोडलेला हक्क रद्द ठरवावा अशी मागणी ट्रस्टी करू शकतो. म्हणूनच अर्ज तोंडावर आला असताना हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करू नये, मग घरच्यांचा आग्रह कितीही असो. नातेवाइकाचे उसने पैसे गेल्या वर्षभरात फेडले असतील, तर त्याचीही नोंद द्यावी. अर्जानंतर १८० दिवसांच्या आत कुणाच्या निधनाने वारसा आला, तर तलाठ्याकडे वारस नोंद व्हायची बाकी असली तरी तो कळवावा लागतो. एवढे सगळे दाखवले म्हणजे जमीन हातची गेलीच असे मुळीच नाही. सामाईक, वाटप न झालेली जमीन दूरदेशी विकण्याचा खटाटोप ट्रस्टीला परवडेलच असे नसते. पण तो निर्णय त्याचा आहे. मालमत्ता जाणूनबुजून लपवणे हा मात्र फेडरल गुन्हा असून त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली असेल, तर त्या वर्षीचा एफबार (परदेशी खात्यांचा अहवाल) भरला होता का, तेही याच वेळी तपासावे.

थकलेल्या आयकरासाठी आयआरएसच्या संकेतस्थळावरून प्रत्येक वर्षाचा अकाउंट ट्रान्सक्रिप्ट उतरवून घ्यावा. त्यात १५० क्रमांकाच्या कोडसमोर रिटर्नवरील कराच्या आकारणीची तारीख असते. ढोबळ नियम असा की रिटर्नची मुदत, मुदतवाढ धरून, अर्जाच्या ३ वर्षांपूर्वीच संपलेली असावी, रिटर्न प्रत्यक्षात २ वर्षांपूर्वी भरलेले असावे, कराची आकारणी होऊन २४० दिवस उलटलेले असावेत आणि करात लबाडी केलेली नसावी. २०२२ चे रिटर्न मुदतवाढ घेऊन भरले असेल, तर त्याची सर्वसाधारण मुदत १६ ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्यामुळे तो कर माफ व्हावा असे वाटत असेल तर १६ ऑक्टोबर २०२६ च्या आधी अर्ज करून चालणार नाही. तुम्ही रिटर्न न भरल्यामुळे आयआरएसने स्वतःच तयार केलेले रिटर्न या हिशेबात चालत नाही. पूर्वी आयआरएसला तडजोडीचा प्रस्ताव दिला असेल तर २४० दिवसांची मुदत लांबू शकते, आणि मालमत्तेवर आधीच चढवलेला कराचा बोजा कर माफ झाल्यावरही राहू शकतो.

क्रेडिट कार्डांची देणी भागवण्यासाठी ४०१(के) ही नोकरीतली निवृत्ती-बचत मोडू नये. तो पैसा दिवाळखोरीत सहसा सुरक्षित असतो. काढला की त्यावर आयकर लागतो आणि वय साडेएकोणसाठच्या आत असल्यास बहुतेक वेळा आणखी १० टक्के कर बसतो. चॅप्टर ७ मध्ये तुमच्या मालमत्तेची एक स्वतंत्र करपात्र इस्टेट (ट्रस्टीच्या ताब्यातला, स्वतःचा कर वेगळा भरणारा मालमत्तेचा संच) तयार होते. ट्रस्टीने विकण्याजोगी मालमत्ता असेल आणि चालू वर्षाचा करही मोठा निघणार असेल, तर अर्जाच्या आदल्या दिवशी करवर्ष तोडण्याचा, म्हणजे त्याचे दोन तुकडे करण्याचा, पर्याय वापरावा का, हे सल्लागाराला विचारावे. तसे केल्यास पहिल्या तुकड्याचा कर इस्टेटकडून वसूल होणारे देणे ठरतो. हा पर्याय निवडण्याची मुदत थोडी असते. चॅप्टर १३ मध्ये हा पर्याय नाही.

माफ झालेल्या कर्जाबद्दल बँक १०९९-सी (माफ रकमेची माहिती देणारा कराचा फॉर्म) पाठवू शकते. दिवाळखोरीत माफ झालेले कर्ज उत्पन्नात धरत नाहीत, पण ते सांगण्यासाठी रिटर्नला फॉर्म ९८२ जोडून त्यातील १ए हा चौकोन भरावा लागतो, आणि त्या बदल्यात पुढे ओढलेला तोटा किंवा मालमत्तेची कराच्या हिशेबातली किंमत कमी करावी लागू शकते. अर्जाआधी एखाद्या कार्डाची तडजोड परस्पर केली असेल, तर ती रक्कम या सवलतीत बसत नाही; त्या दिवशी देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती हे वेगळे सिद्ध करावे लागते, म्हणून त्या तारखेचा देण्या-मालमत्तेचा तक्ता जपून ठेवावा. १०९९-सी कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी येतो, तेव्हा डिस्चार्जचा (कर्जमाफीचा) आदेश, धनकोंची यादी आणि फॉर्म ९८२ ची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवावी आणि पत्ता बदलल्यास तो आयआरएसला लेखी कळवावा.