रास्पबेरी पायवर गाणी वाजवायला कोणता प्लेअर घ्यावा

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डासाठी प्लेअर निवडताना चर्चा हमखास 'कोणाचा आवाज चांगला' इथे अडकते. गाण्याचा डेटा न बदलता डॅकपर्यंत (डिजिटल डेटाचा ऐकू येणारा सिग्नल करणारं उपकरण) पोचवायचा, एवढंच काम असेल तर व्होल्युमिओ, मूड ऑडिओ आणि पायकोअरप्लेअर हे तिन्ही तयार प्लेअर ते सारखंच करतात, कारण तिघांच्याही खाली लिनक्सची आवाजाची यंत्रणा, म्हणजे अल्साच असतं. फरक ऐकू येतोय असं वाटलं तर आधी व्हॉल्यूम आणि रीसॅम्पलिंगची (गाण्याचा दर सेकंदाच्या नमुन्यांचा दर बदलणं) सेटिंग्ज बघा. निवड ठरते ती गाणी कुठे साठवली आहेत आणि किती खोल्यांत ऐकायची आहेत, यावर.

एक खोली, एक डॅक आणि गाणी यूएसबी डिस्कवर किंवा नॅसवर (घरच्या नेटवर्कवरची साठवण) असतील, तर मूड घ्या. फुकट आहे, आत एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम आहे आणि फोनच्या ब्राउझरमधून चालतं. सेटिंग्जचा पसारा मोठा आहे, पण पहिल्या दिवशी त्यातली चारपाचच लागतात. घरातल्या इतरांनाही न शिकवता वापरता यावं असं हवं असेल, तर व्होल्युमिओचा पडदा जास्त सोपा आहे. मात्र त्यात प्लगिन टाकायला खातं उघडावं लागतं आणि काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात. हे आधीच बघून घ्या, नंतर चिडचिड नको.

दोन किंवा जास्त खोल्यांत एकच गाणं एका तालात वाजवायचं असेल, तर वेगळा मार्ग धरा. लिरियन म्युझिक सर्व्हर (पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर) एका बोर्डावर ठेवा. त्यासाठी २ जीबी रॅमचा पाय ४ चांगला. बाकी खोल्यांत पायकोअरप्लेअर टाकलेले झीरो २ डब्ल्यू हे छोटे पाय लावा. तिथे फक्त स्क्वीझलाइट (सर्व्हरकडून आलेलं गाणं वाजवणारा छोटा प्रोग्रॅम) चालतं, त्याला ५१२ एमबी रॅम पुरून उरते. खोल्या जुळवण्याची सोय सर्व्हरमध्येच आहे. पायकोअरप्लेअर सगळा रॅममध्ये चढून चालतो, त्यामुळे वीज अचानक गेली तरी मेमरी कार्ड बिघडण्याची भीती फार कमी. याचीच दुसरी बाजू अशी की एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आज्ञा देऊन) फाईल हाताने बदलली आणि 'पीसीपी बीयू' (pcp bu) ही बदल कार्डावर जपणारी आज्ञा दिली नाही, तर रीबूटनंतर तो बदल गायब. नवख्यांची बहुतेक तक्रार इथलीच असते.

साध्या रास्पबेरी पाय ओएसवर सगळं स्वतः जोडायचा मोह होतो. एमपीडी, एअरप्लेसाठी (अ‍ॅपलच्या फोनवरून आवाज पाठवण्याची सोय) शेअरपोर्ट-सिंक, स्पॉटिफाय कनेक्टसाठी लिब्रेस्पॉट (त्याला प्रीमियम खातं लागतंच). अडचण अशी, की अल्साचं 'एचडब्ल्यू' उपकरण, म्हणजे डॅककडे जाणारी थेट वाट, एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतं. एमपीडीने ते धरून ठेवलं की एअरप्लेला 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर येतं. डीमिक्स (अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारी अल्साची सोय) लावून वाट काढली तर सगळं एकाच ठरलेल्या दरात रीसॅम्पल होतं, बहुधा ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीचं ४४.१ बदललंच. मूड, व्होल्युमिओ यांसारख्या तयार इमेजमध्ये (कार्डावर जशीच्या तशी लिहायची पूर्ण प्रणाली) ही उपकरणाची देवाणघेवाण आधीच सोडवलेली असते. तिचा खरा फायदा हाच.

आता मूडची मांडणी. १६ जीबीचं चांगलं कार्ड घ्या आणि रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅमने इमेज लिहा. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड लिहितानाच ठरवून द्या. पहिल्यांदा वायफायच्या भानगडीत न पडता नेटवर्कची केबलच लावा. काही मिनिटांनी ब्राउझरमध्ये 'मूड डॉट लोकल' (moode.local) उघडा. नाहीच सापडलं तर राउटरच्या यादीतून बोर्डाचा आयपी घ्या. ऑडिओ सेटिंगमध्ये आय-टू-एस हॅटचं (बोर्डावर बसणारं डॅकचं कार्ड) नाव निवडा आणि रीबूट करा, नाहीतर हॅट दिसणारच नाही. यूएसबी डॅक असेल तर हॅटचा रकाना रिकामाच ठेवा. पाय ४ वरचा ३.५ मिमीचा जॅक फक्त चाचणीपुरता वापरा. पाय ५ आणि झीरोवर तो नाहीच. गाणं चालू असताना 'ऑडिओ इन्फो' उघडून फाईलचा दर आणि डॅककडे जाणारा दर ताडून बघा. ४४.१ ची फाईल ४८ ने बाहेर पडत असेल तर कुठेतरी रीसॅम्पलिंग चालू आहे.

व्हॉल्यूमबद्दल थोडं सविस्तर. सॉफ्टवेअर व्हॉल्यूम दर ६ डेसिबल कमी केल्यावर साधारण एक बिट खातो. १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या डॅकला जात असेल, तर ४८ डेसिबल खाली येईपर्यंत मूळ बिट शाबूत राहतात, म्हणून त्याचा बाऊ करू नका. डॅकमध्ये हार्डवेअर मिक्सर (डॅकचं स्वतःचं व्हॉल्यूम नियंत्रण) असेल तर तोच वापरा. व्हॉल्यूम 'फिक्स्ड' ठेवायचा तो फक्त पुढच्या अँप्लिफायरला नॉब असेल तर. पॉवर अँप थेट जोडला आणि फिक्स्ड ठेवलं, तर पहिल्या गाण्यालाच पूर्ण आवाज स्पीकरवर आदळेल.

मध्येच खर्र किंवा तुटक आवाज येत असेल तर प्लेअर बदलण्याआधी वीज तपासा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतो. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर हवा. ३ अँपिअरवर तो सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि पोर्टेबल डिस्क तेवढ्यात अडखळते. तिथे वेगळा वीजपुरवठा असलेला हब लावा. केबलवर गाणं नीट चालतं आणि वायफायवर तुटतं, तर वेगाला दोष देऊ नका: २४ बिट १९२ किलोहर्ट्झचा कच्चा स्टिरिओ प्रवाहही सेकंदाला जेमतेम ९.२ मेगाबिट असतो. दोष जोडणी क्षणभर सुटण्याचा असतो. वायफायची पॉवर सेव्हिंग बंद करा.

जुना नॅस माउंट होत (जोडला जात) नसेल तर एसएमबीची (नेटवर्कवर फाईली वाटण्याची पद्धत) आवृत्ती हाताने १.० करून बघा. आणि बोर्ड रास्पबेरी पायचा नसेल तर मूड आणि पायकोअरप्लेअर दोन्ही बाद. डाएटपाय किंवा आर्मबियन या लिनक्स प्रणाली टाकून त्यावर एमपीडी किंवा स्क्वीझलाइट चालवा.