नांदूरमध्यमेश्वरला उडते पक्षी टिपताना

उडतं बदक धूसर आलं की दोष लेन्सला दिला जातो. बहुतेकदा तो शटरचा असतो. मॅन्युअल मोडमध्ये शटर १/२००० सेकंद, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक पूर्ण उघडं (५.६ किंवा ६.३), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ऑटो, कमाल ६४००. जास्त आयएसओमुळे फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पंख नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे पक्ष्यामागे सतत फिरणारा: निकॉनवर एएफ-सी, कॅननवर सर्वो.

गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर हमखास फसतं आणि पिसांचा तपशील जाऊन नुसता चुना दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सेटिंग) -१ करा. तोच बगळा उजळ आभाळात गेला की +१, नाहीतर पोट काळं येतं.

ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग लांबचा पक्षी ६०० मिमीची महागडी लेन्सही मऊ, म्हणजे धूसरच टिपते. तेव्हा जवळचेच पक्षी घ्या.

निफाडच्या (नांदूरमध्यमेश्वर याच तालुक्यात) थंडीतून उबदार घरात आल्यावर बॅगेची चेन लगेच उघडू नका, गार काचेवर दव धरतं. तासभर तशीच राहू द्या. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मात्र गाडीतच काढून घ्या, म्हणजे घाई होत नाही.