न विचारता अँटिव्हायरस बदलला गेला, तर आधी काय करायचं

संगणक सुरू केला आणि घड्याळाशेजारचं अँटिव्हायरसचं चिन्ह वेगळंच दिसलं, नावही कधी न ऐकलेलं, तर ते लगेच काढून टाकू नका. राग येतो आणि हात थेट 'अनइन्स्टॉल'वर जातो, हे मी रोज पाहते. त्या घाईत काय घडलं याचा पुरावा जातो आणि त्यात अडकलेल्या कामाच्या फाइलीही जाऊ शकतात. आधी पाहा, नोंद करा, पैशांचा बंदोबस्त करा आणि मग काढा.

फोंड्याला वरच्या बाजारात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. येणारी माणसं म्हणजे आसपासच्या देवस्थानांची कार्यालयं, फार्मसीवाले, ट्यूशन घेणाऱ्या बाई, काजू कारखान्यांचे हिशेबनीस, आणि मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेले आईवडील. या शेवटच्या गटाकडे बहुतेक मुलांनी वापरून दिलेला लॅपटॉप असतो. त्यात कोणतं अँटिव्हायरस आहे, त्याचे पैसे कोणत्या कार्डावरून जातात, हे त्यांना ठाऊक नसतं. मी हे मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी लिहिते आहे.

असं खरंच होतं का, तर होतं. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने २० जून २०२४ रोजी कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बंदी जाहीर केली. २० जुलैपासून नवी विक्री बंद आणि २९ सप्टेंबरनंतर अपडेट देणंही बंद, असा तो आदेश होता. कंपनीने अमेरिकेतलं काम गुंडाळलं आणि तिथले साधारण दहा लाख ग्राहक पँगो ग्रुप या दुसऱ्या कंपनीच्या 'अल्ट्राएव्ही' या अँटिव्हायरसकडे वळवले. सप्टेंबरच्या सुरुवातीला ईमेल गेले होते. पण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विंडोजवाल्या अनेकांनी संगणक उघडला तेव्हा कॅस्परस्की गायब होतं आणि त्याच्या जागी अल्ट्राएव्ही बसलेलं होतं. काहींकडे पँगोचंच व्हीपीएनही (नेटवरची ये-जा झाकणारं सॉफ्टवेअर) आलेलं. काहींनी अल्ट्राएव्ही काढलं, संगणक पुन्हा सुरू केला, तर ते परत हजर. संरक्षणात खंड पडू नये म्हणून असं केलं, हे कॅस्परस्कीचं म्हणणं. मॅक आणि मोबाइलवर मात्र ग्राहकाला स्वतः नवं अ‍ॅप बसवावं लागलं, तिथे परस्पर बदल झाला नाही.

भारतातल्या ग्राहकांचं असं स्थलांतर झालं नाही. तरी त्याच सुमारास गुगलने कॅस्परस्कीची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली, आणि ती अमेरिकेबाहेरही दिसेनाशी झाली. एका देशातल्या आदेशाचा फटका आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येतो तो असा.

अँटिव्हायरसला संगणकात जितके अधिकार असतात तितके क्वचितच दुसऱ्या कशाला असतात. ते प्रत्येक फाइल उघडतं, नेटवरून येणारं-जाणारं तपासतं, दुसरे प्रोग्राम थांबवतं आणि स्वतःच्या अपडेटमधून नवीन काहीही बसवू शकतं. कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, ठेवलेल्या राखणदाराने एके दिवशी चाव्या परस्पर दुसऱ्याच्या हातात द्याव्यात आणि 'चिठ्ठी पाठवली होती' म्हणावं, तसं हे झालं. नवा माणूस चांगला असेलही. पण त्याला आपण ठेवलेलं नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेच्या सायबर सुरक्षा विभागाचे माजी प्रमुख रॉब जॉइस यांनीही त्या वेळी हाच मुद्दा मांडला होता, की परस्पर एक काढून दुसरं बसवता येतं याचा अर्थ मशीनचा पूर्ण ताबा त्यांच्या हातात होता. म्हणून ईमेल पाठवणं म्हणजे परवानगी घेणं, हे मला मान्य नाही. परवानगी म्हणजे माणसाने 'हो' म्हटलेलं असणं.

आधी नोंद

नव्या चिन्हावर क्लिक करा, उघडणाऱ्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा. तारीख-वेळ दिसेल असा काढा. मग स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं येईल. ते उघडलं की दिवसांचा तक्ता दिसतो. कोणत्या दिवशी काय बसलं, काय निघालं, ते त्या त्या दिवसावर क्लिक केलं की खाली लिहून येतं. हे पान फार थोड्यांना माहीत आहे, आणि वाद झाला तर सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. थोडं खोलात जायची तयारी असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये विंडोज लॉग्ज, त्यात अ‍ॅप्लिकेशन, आणि 'एमएसआय इन्स्टॉलर'च्या नोंदी पाहा. ११७०७ म्हणजे बसवलं, ११७२४ म्हणजे काढलं. प्रत्येक सॉफ्टवेअर इथे नोंद सोडत नाही, पण पुष्कळशी सोडतात.

नंतर ईमेल. इनबॉक्स पाहून थांबू नका, प्रमोशन्स आणि स्पॅमही शोधा. जुन्या कंपनीचं नाव टाकून शोधा, कारण नवं नाव पहिल्या पत्राच्या विषयात नसण्याची शक्यता असते. खातं मुलाच्या ईमेलवर असेल तर त्याला शोधायला सांगा. पत्र सापडलं तर ठेवा. नाही सापडलं तर तेही तक्रारीत लिहायचं आहे.

इथेच एक शंका फेडून घ्या: हे खरंच कुठल्या कंपनीचं उत्पादन आहे की भामट्यांनी घुसवलेलं? प्रोग्रामच्या मुख्य फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. तिथे कंपनीचं नाव नसेल, किंवा पडद्यावर 'तुमच्या संगणकात विषाणू सापडला, या नंबरवर फोन करा' असं येत असेल, तर फोन करू नका. नेट बंद करा. कोणी आधीच दूरवरून स्क्रीन पाहिली असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. उशीर केला तर पैसे अडवणं कठीण होतं.

पहाऱ्यावर कोण आहे

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. खाली डाव्या बाजूला 'सेटिंग्ज', त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. अँटिव्हायरस म्हणून कोण चालू आहे, कोण बंद आहे ते तिथे दिसतं. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतं. दुसरं अँटिव्हायरस बसलं की ते बाजूला होतं आणि दुसरं काढलं की आपोआप पुन्हा चालू होतं. त्यामुळे नको असलेलं काढल्यावर संगणक उघडा पडेल या भीतीने कुठलंतरी तिसरं फुकटचं उत्पादन डाउनलोड करायची गरज नाही. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पूर्ण चालू असले तर संगणक रांगतो आणि दोघं एकमेकांच्या फाइली अडवतात.

पैसे

सॉफ्टवेअर काढलं म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही. हा गैरसमज मला दुकानात सतत पुसावा लागतो. कार्ड किंवा यूपीआयवर दिलेला मॅन्डेट, म्हणजे दरवेळी आपोआप पैसे कापायची परवानगी, वेगळा असतो आणि तो वेगळा रद्द करावा लागतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' नावाचा भाग असतो, तिथे यादी पाहा. कार्डाचं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' किंवा 'ई-मॅन्डेट' शोधा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास बँकेने कळवायला हवं, आणि तिथूनच ती थांबवायची सोय हवी. १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला ओटीपी लागत नाही, आणि अँटिव्हायरसची वर्गणी त्याच्या कितीतरी खाली असते. म्हणून तो कपातीचा एसएमएस वाचणं हाच तुमचा ओटीपी समजा. त्यातलं कंपनीचं नाव ओळखीचं नसेल तर थांबवा आणि मग विचारा.

कार्ड अमेरिकेतल्या मुलाचं असेल तर हे काम त्यालाच तिथल्या बँकेत करावं लागेल. आईवडिलांनी फक्त फोटो पाठवायचे.

काढण्याआधी आणि काढताना

एका काजू कारखान्याच्या हिशेबनीसकाकांचा फोन आला तो जीएसटी भरायच्या २० तारखेच्या आदल्या संध्याकाळी. "बाय, टोकन लावलंय, पण सहीच दिसत नाही." त्यांच्याकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन होतं. दिवा लागत होता आणि पोर्टल मात्र 'सर्टिफिकेट सापडलं नाही' म्हणत होतं. मी गेले तेव्हा कोपऱ्यातलं चिन्ह बदललेलं होतं. नूतनीकरण करायला आलेल्या विक्रेत्याने जुनं काढून दुसऱ्याच कंपनीचं बसवलं होतं, बिलावर फक्त 'अँटिव्हायरस, १ वर्ष' एवढंच. नव्या अँटिव्हायरसने टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, संशयास्पद ठरवून क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागेत) टाकला होता. जुन्यात त्या फोल्डरला तपासणीतून सूट दिलेली होती, ती जुन्याबरोबरच गेली. क्वारंटाइनमधून फाइल परत आणली, सूट दिली आणि सही दिसली. रागाच्या भरात काकांनी ते आधीच काढून टाकलं असतं, तर क्वारंटाइनमधली फाइलही त्याच्याबरोबर जायची शक्यता होती आणि ड्रायव्हर नव्याने शोधत बसावं लागलं असतं.

म्हणून काढण्याआधी क्वारंटाइनची यादी उघडून बघा. टॅलीचा फोल्डर, टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरचं सॉफ्टवेअर यांपैकी काही अडकलं असेल तर आधी सोडवा. जुन्या उत्पादनात पासवर्ड साठवले होते का, ते आठवा. पासवर्ड व्यवस्थापक अजून उघडत असेल तर पासवर्ड आताच बाहेर काढून घ्या.

मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. यादी तारखेप्रमाणे लावा म्हणजे त्याच दिवशी बरोबर आलेली भावंडंही दिसतील: व्हीपीएन, 'सेफ ब्राउझर', 'क्लीनर'. व्हीपीएन आधी काढा, अँटिव्हायरस नंतर, आणि मग संगणक पुन्हा सुरू करा.

परत आलं तर घाबरू नका. त्याला आत आणणारं काहीतरी मागे राहिलं आहे, बहुधा जुन्या कंपनीचाच अपडेट करणारा भाग. जुन्या कंपनीच्या नावाचं जे जे दिसेल ते काढा. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या स्वतःचं 'रिमूव्हल टूल' देतात. ते त्यांच्याच अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, दुसरीकडून नको. 'टास्क शेड्युलर'मध्ये त्या नावाचं काम लावलेलं आहे का ते पाहा. कंपनीच्या ऑनलाइन खात्यात जाऊन तिथून हे उपकरण हटवा. एवढ्यानेही नाही गेलं तर सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करून तिथून काढणं. पण त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की हाताशी आहे ना, हे मायक्रोसॉफ्ट खात्यात बघून लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये जाताना विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसली तर अँटिव्हायरसपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो: डिस्कच उघडत नाही.

काढल्यावर नेट बंद पडलं तर सेटिंग्जमधला 'नेटवर्क रीसेट' वापरा. वाय-फायचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागेल, तो आधी शोधून ठेवा. ब्राउझरमधलं नवं एक्स्टेन्शन काढा. 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये डिफेंडर चालू दिसतंय का पाहा, त्याचे अपडेट घ्या, पूर्ण स्कॅन रात्री लावून ठेवा. पहारा खरंच चालू आहे का, हे पाहायचं असेल तर 'आयकार'ची चाचणी फाइल आहे, ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, याच कामासाठी बनवलेली. ती डाउनलोड करू पाहिली की जिवंत अँटिव्हायरसने अडवायलाच हवी.

तक्रार

कंपनीला किंवा विक्रेत्याला लिहा. लांबलचक नको: अमुक तारखेला माझ्या संगणकातलं हे उत्पादन काढून ते बसवलं गेलं, माझी संमती घेतली नाही, उरलेल्या मुदतीचे पैसे परत करा, माझी माहिती नव्या कंपनीला दिली असेल तर कोणती दिली ते सांगा आणि ती पुसा. फोटो जोडा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहकाला फसवून किंवा अडकवून काही घ्यायला लावण्याच्या पद्धतींवर केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत तेरा प्रकार दिलेत आणि वर्गणीच्या सापळ्याचं नाव त्यांत आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठेही असो. आपला फोंडा तालुका दक्षिण गोव्यात, म्हणजे मडगाव. पाच लाखांपर्यंतच्या वस्तू-सेवेला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. हजार-बाराशे रुपयांसाठी कोण एवढं करणार, असं लोक म्हणतात. करा. रक्कम लहान आहे म्हणून कोणी बोलत नाही, याच भरवशावर हे प्रकार चालतात.

आणि पुढच्या नूतनीकरणाला बिलावर उत्पादनाचं पूर्ण नाव, किती संगणक, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून मागा. त्याखाली एक ओळ घालायला सांगा: 'ग्राहकाला विचारल्याशिवाय दुसरं उत्पादन बसवणार नाही.' माझ्या दुकानाच्या बिलावर ती छापलेली आहे.