ठाण्याच्या दमट हवेत एअरब्रश

स्केल मॉडेल विमानं रंगवायला पहिला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) ०.३ मिमी नोझलचा, डबल-अॅक्शन (एकाच ट्रिगरने हवा आणि रंग वेगवेगळे सोडता येतात असा) घ्या आणि त्याच खरेदीत मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा फिल्टरही. ठाण्यात ती चैन नाही. पावसाळ्यात एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो, ती पाइपमध्ये गार होते, पाणी सुटतं आणि मिग-२१च्या गुळगुळीत पंखावर थेंब उडतात. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर काम संपल्यावर तळाचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी काढा. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर (तीव्र सॉल्व्हंटचे) रंग टाळलेलेच बरे, दमटपणामुळे त्यांवर पांढुरकी झाक येते. अॅक्रिलिक वापरा, फक्त सुकायला जास्त वेळ द्या.

रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब साधारण १५ ते २० पीएसआय (दाब मोजायचं एकक). आधी ट्रिगर दाबून हवा, मग मागे ओढून रंग. थांबताना आधी रंग बंद. हे बोटांत बसेपर्यंत विमान खोक्यातच राहू दे, प्लॅस्टिकच्या चमच्यांवर हात साफ करा. एकाच थरात सगळं झाकायची घाई नको. सुईच्या टोकाला रंग सुकला तर थिनरमध्ये भिजवलेल्या इअरबडने हलकेच पुसा.

कॉम्प्रेसर रात्री अकराला लावलात तर सोसायटीच्या ग्रुपवर आधी तुमचंच नाव येईल. अॅक्रिलिक असलं तरी मास्क लावा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.