कोकणात गिटारसाठी ट्यूब अँप घेताना

ट्यूब अँप म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांनी गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. घरात वाजवायला ५ वॅट पुरतात, ड्रमसोबत १५ ते २० घ्या. ५० वॅटचा मोह टाळा. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, आणि ट्यूबचा गोडवा अँपचा आवाज चढवल्यावरच येतो. ५० वॅट तेवढा चढवला तर अख्खी वाडी जागी होईल!

परदेशातून आणलेला अँप असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचा थेट आपल्या २३० वर लावला तर फ्यूज उडतो, कधी ट्रान्सफॉर्मरच जळतो.

जुना अँप मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहिलेला असला तर ट्यूबच्या पिना हमखास काळवंडलेल्या असतात. त्यातूनच खरखर येते, मधेच आवाज जातो. पिना साफ होतात, त्यावरून अँप नाकारू नका. स्पीकर जोडून अँप चालू करा (स्पीकरशिवाय कधीच नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो) आणि छोट्या प्रीअँप ट्यूबवर (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारी ट्यूब) पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा टणटणाट आला तर ती ट्यूब बदलावी लागेल. तिचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. चेसिस (आतल्या सर्किटचा धातूचा सांगाडा) मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरतो.