द्रव आर्गॉनमधला प्रकाश जास्तीत जास्त कसा पकडावा

कण शोधणाऱ्या उपकरणांत द्रव आर्गॉन वापरतात, कारण कण त्यातून गेला की तो चमकतो. विद्युतक्षेत्र नसताना कणाने सोडलेल्या १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेमागे तो सुमारे ४०,००० फोटॉन देतो. अडचण अशी की त्यांची तरंगलांबी १२८ नॅनोमीटर असते आणि काच काय, क्वार्ट्झ काय, दोन्ही तो प्रकाश अडवतात. म्हणून प्रकाश टिपणाऱ्या संवेदकासमोरच्या प्लेटवर टीपीबी (टेट्राफिनाइल ब्युटाडाईन) या पावडरीचा लेप लागतो. तो हा प्रकाश शोषून ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड देतो.

सिग्नल कमी दिसला की सगळे आधी लेपाला दोष देतात. त्याआधी पल्सची शेपटी, म्हणजे चमक विझत जाण्याचा शेवटचा भाग, मोजा. शुद्ध आर्गॉनमध्ये हळू विझणाऱ्या संथ घटकाचा ऱ्हासकाळ १.५ मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो आणि इलेक्ट्रॉनने पाडलेला बहुतेक उजेड याच शेपटीत असतो. ऱ्हासकाळ १ मायक्रोसेकंदावर आला, तर आर्गॉन अशुद्ध आहे; एकट्या ३ पीपीएम (दहा लाखांत ३ भाग) नायट्रोजननेही एवढे होते. तांब्याचा फिल्टर आणि मॉलिक्युलर सीव्ह नायट्रोजन धरत नाहीत. वायू तापलेल्या झिर्कोनियम गेटरमधूनच (अशुद्ध वायू शोषून धरणाऱ्या धातूच्या फिल्टरमधूनच) न्यावा लागतो.

शेपटी ठीक असेल तर लेपाकडे वळा. तो देताना निर्वातात मुशीत पावडर तापवतात आणि तिची वाफ समोरच्या प्लेटवर बसते. लक्ष्य २०० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २ मायक्रॉन. मूस आणि प्लेट यांच्यात २० सेंमी अंतर असेल तर मध्यभागी एवढा थर बसायला पाव ग्रॅम पावडर पुरते. पण १० सेंमी त्रिज्येच्या प्लेटच्या कडेला त्याच्या ६४ टक्केच पोचते. अंतर ४० सेंमी केले की कड ८९ टक्क्यांवर येते, पावडर मात्र १ ग्रॅम लागते. कंजुशी करू नका, अंतर वाढवा.

निर्वात १०⁻⁵ मिलिबारपर्यंत न्या. आधी १०० अंशांवर मूस थोडा वेळ ठेवून ओलावा जाऊ द्या, मगच हळूहळू २०० अंशांच्या वर चढवा. घाई केली की वितळलेली पावडर उडते आणि प्लेटवर ठिपके पडतात. प्लेटशेजारी २५×७५ मिमीची काचपट्टी ठेवा आणि आधी-नंतर वजन करा; लक्ष्याएवढा थर बसला तर वाढ ३.७५ मिलिग्रॅम भरते, कडेला त्याहून थोडी कमी. त्यासाठी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा लागतो. पातळ लेपातून अतिनील प्रकाश निसटतो, जाड लेप थंड होताना सोलतो.

तयार प्लेट अंधारात, कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवा. ऊन आणि ट्यूबलाइट लागली की टीपीबी खराब होतो.

भिंतींवरच्या परावर्तक फिल्मलाही हाच लेप द्या, कारण ती निळा उजेड परतवते, १२८ नॅनोमीटरचा नाही. फिल्म पोलादापेक्षा जास्त आकसते. स्क्रूची भोके लांबट ठेवा, नाहीतर ८७ केल्विनला ती फाटते.